सूतगिरणीतला सरळ रस्ता

अकोल्याला जठारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकान दहाला उघडतं. त्याआधीचा तास गाडीचा. उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं म्हणून मी गाडी धूत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. वरून खाली, आणि दर हाताला फडक्याची घडी बदलून, कारण आमच्याकडची काळी धूळ फडक्यात राहिली की रंगावर बारीक रेघा उमटतात. शर्टाच्या खिशात चष्म्याच्या स्क्रूचा पेचकस असतो आणि त्याच्या शेजारी टायरची हवा मोजायचा गेज. गिऱ्हाईक त्या गेजकडे बघून विचारतं, हे डोळ्यात घालायचं का काय. मी हसून तो आत सरकवतो.

गाडी लाल रंगाची, छोटी, हाताने गिअर बदलायची. मी घेतली तेव्हा ती जुनीच होती. अकोट रोडवरच्या गॅरेजमध्ये मिस्त्री मला बॉनेटजवळ उभं राहू देतो, इतरांना देत नाही. इंजिन चालू असताना मी मान वाकडी करून आवाज ऐकतो, तेव्हा तो थांबतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. बायको म्हणते, "इतकं ध्यान देऊन तुमी माह्यं कधी ऐकलं नाई." ती हे रागाने म्हणत नाही. तिचं माहेर अमरावतीचं. दर पंधरा दिवसांनी आम्ही तिकडे जातो, आणि जाता-येताना मूर्तिजापूरच्या आसपास ती हमखास झोपते. मी एकटाच गाडीशी असतो. लग्नाला अठरा वर्षं झाली, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा वेळ तोच आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

अमरावतीत गाड्यांची हौस असलेल्यांचा एक गट आहे. फोनवरच ओळखी, वर्षातून दोनदा भेट. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्या गटात निरोप आला. अमरावतीच्या पलीकडे एक सूतगिरणी बंद पडलेली आहे, तिच्या आवारात काँक्रीटचा चांगला रुंद रस्ता आहे, मालकांनी दोन दिवस वापरायला दिला आहे. पुण्याहून एक बाई शिकवायला येणार. त्या स्वतः बरीच वर्षं शर्यतीत गाडी चालवायच्या. हेल्मेट त्या आणतील, गाडी आपापली. मी निरोप वाचला आणि एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला दूरचा चष्मा द्यायचा तिथे जवळचा दिला.

बायको म्हणाली, "मीबी येते. डबा घेते. पाहू तरी, एवढं काय करता तुमी लोक."

सकाळी साडेआठला पोचलो. फाटकातून आत शिरताच मी नकळत काच खाली केली आणि आवाज ऐकायला मान वाकडी केली. काहीच आवाज नव्हता. हायवे जेमतेम अर्ध्या मैलावर होता, त्याचाही नाही. दोन्ही बाजूंना करवतीच्या दातांसारखी छपरं असलेल्या लांबलचक शेड. खिडक्यांच्या जाळ्यांना अजून कापसाचे पुंजके चिकटलेले, करडे पडलेले. वारा चांगला सुटला होता, गवत हलत होतं, पण ते पुंजके हलत नव्हते. बायको म्हणाली, "कसं स्वच्छ हाय सारं. बंद पडली असं वाटत नाई." खरंच, रस्ता झाडल्यासारखा दिसत होता.

फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर चौकीदार बसला होता. सत्तरीचा असावा. गिरणी चालू असताना तो आत कामाला होता, बंद पडल्यावर चौकीदार म्हणून राहिला. "रस्ता कोणी झाडला, काका?" मी विचारलं. तो म्हणाला, "कोणी नाई झाडला. असाच रायते."

आम्ही बारा गाड्या होतो. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "इथे कोणाला हरवायचं नाही. एका वेळी एकच गाडी. मला तुमचा वेग बघायचा नाहीये, तुमची नजर बघायची आहे. गाडी तिथेच जाते जिथे तुम्ही बघता." मग त्यांनी प्रत्येक गाडीत एक काळी डबी बसवली. गाडी कुठे किती वेगाने गेली, ब्रेक कधी लागला, एक्सिलरेटर किती दाबला, हे सगळं ती डबी टिपून ठेवते आणि नंतर लॅपटॉपवर त्याची रेघ दिसते.

रस्त्याचा आकार साधा होता. गोदामाला वळसा, मग दोन शेडच्या मधून सरळ लांब पट्टा, शेवटी डावं वळण आणि पाण्याच्या टाकीला फेरा घालून परत. माझी पाळी आली तेव्हा मॅडम शेजारी बसल्या. पहिल्या फेरीत मी रोजच्यासारखाच चालवत होतो, बॉनेटच्या पुढे दहा हातांवर बघत. त्यांनी नुसतं म्हटलं, "लांब बघा." मी नजर उचलली. आणि तीच गाडी, जी मी इतकी वर्षं पुसतो, ऐकतो, मूर्तिजापूरवरून नेतो, ती एकदम हलकी झाली. वळणाच्या आधी ब्रेक, मग सोड, मग नुसतं वळण, मग हळूहळू दाब. तिसऱ्या फेरीला मी हेल्मेटच्या आत हसत होतो. गालाला फोम टोचत होता तरी हसू आवरत नव्हतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नवीन काही जमण्याचं सुख फार दिवसांनी मिळतं.

जेवायच्या आधी मॅडमनी शेडच्या सावलीत टेबलावर लॅपटॉप उघडला आणि आम्हाला बोलावलं. त्यांनी बाराही जणांच्या रेघा एकावर एक ठेवल्या होत्या. वळणांवर रेघांचा गुंता होता, प्रत्येकाची चूक वेगळी. पण सरळ पट्ट्याच्या मध्यावर सगळ्या रेघा एकाच ठिकाणी खाली उतरत होत्या. खड्डा पडावा तशा.

"इथे तुम्ही पाय का काढता?" त्यांनी विचारलं.

कोणी काढलाच नव्हता. एकेक जण तेच म्हणाला. सरळ रस्ता, समोर काही नाही, तिथे कशाला कोण पाय काढेल? मीही म्हणालो की तिथे मी पूर्ण दाबून होतो. मला पायाखालचा पेडल शेवटपर्यंत टेकलेला आठवत होता.

मॅडम म्हणाल्या, "आठवण चुकते. ही डबी चुकत नाही. काँक्रीटला तिथे उंचवटा असेल, गाडी जरा हलकी होते आणि पाय आपोआप सुटतो." हे पटण्यासारखं होतं. आमच्या काळ्या मातीवर कुठलाही रस्ता सरळ राहत नाही, दर उन्हाळ्यात माती भेगाळते आणि रस्ता खाली-वर होतो. मग त्यांनी बोट न उचलता आणखी एक रेघ वर आणली. ती त्यांची स्वतःची होती. सकाळी आम्ही यायच्या आधी रस्ता बघायला त्यांनी दोन फेऱ्या मारल्या होत्या. तिच्यातही तिथेच खड्डा होता. "चला, चालत जाऊन बघू," त्या म्हणाल्या.

भर दुपारी आम्ही तिघं निघालो, मॅडम, मी आणि माझी बायको. ऊन पांढरंफेक होतं. जागा मोजून ठेवलेली असल्यामुळे सापडायला वेळ लागला नाही. डाव्या शेडचं एक दार आणि उजव्या शेडचं एक दार तिथे समोरासमोर येत होतं. दोन्हींना आतून पत्रा ठोकलेला. मॅडम उकिडव्या बसल्या, तळहात काँक्रीटवर फिरवला. मग पाण्याची बाटली आडवी ठेवली. बाटली कुठेच घरंगळली नाही. उंचवटा नाही, खड्डा नाही, सांधासुद्धा नाही.

मी मागे बघितलं तर बायको पाच-सहा पावलं अलीकडे उभी होती. पदर दोन्ही हातांनी पुढे धरून, रांगेत उभं राहतात तशी.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई."

"मग थांबली कावून?"

ती जरा गोंधळली. "जाऊ दे म्हटलं," ती म्हणाली.

"कोणाले?"

ती चालत आमच्याजवळ आली. तिचे हात थंड होते. एवढ्या उन्हात थंड.

परत येताना मॅडमनी चौकीदाराला विचारलं, "काका, त्या दोन दारांच्या मध्ये काय होतं?"

"काई नव्हतं. रस्ता होता," तो म्हणाला. "पाळी सुटली का बायका तिकून इकडं येत. तिकडं सूत गुंडाळायचं खातं होतं, इकडं हजेरीची खिडकी. शे-पाचशे बायका. ट्रक त्याच रस्त्यानं येत, मंग बायका जाईस्तोवर ट्रक उभे."

"तिथे कधी अपघात झाला होता का?"

"नाई."

"कोणी गेलं तिथे? मेलं?"

चौकीदाराला तो प्रश्न आवडला नाही. "काहून मरन कोणी? कोणी नाई मेलं. गिरणी बंद झाली, साऱ्या घरी गेल्या. कोणी शेतात जातात, कोणी नातवंडं पाहतात. साऱ्या चांगल्या हायत." मग त्याने स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, "नुसत्या जायच्या त्या. रोज जायच्या."

मला आजवर वाटायचं की भीती वाटायला काहीतरी वाईट घडलेलं असावं लागतं. तिथे काहीच वाईट घडलेलं नव्हतं. रोज काही माणसं एक रस्ता ओलांडत होती, एवढंच. आणि तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते.

जेवण कोणाला गेलं नाही. बायकोने पराठ्यांचा डबा सगळ्यांसमोर फिरवला, लोकांनी एकेक तुकडा घेतला. दोघे जण काम निघालं म्हणून लवकर गेले. मॅडम मात्र हट्टाला पेटल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची गाडी घेऊ. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. दोघांनीही ठरवून त्या जागी लक्ष ठेवायचं. पाय हलला तर मी सांगेन." त्यांनी दोन छोटे कॅमेरे लावले. एक पेडलपाशी, एक समोरच्या काचेला, आम्हा दोघांकडे तोंड करून.

तीन वाजायला आले होते. बायको सरळ पट्ट्याच्या कडेला, उजव्या शेडच्या सावलीत उभी राहिली, बाकीचे तिच्या मागे. मी निघालो. गोदामाचं वळण मी त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं घेतलं, हे मला माहीत आहे, कारण गाडी बाहेर पडताना जराही कुरकुरली नाही. समोर पट्टा उघडला. मी पाय पूर्ण खाली दाबला आणि तसाच ठेवला. पोटरीत गोळा येईपर्यंत दाबला. मॅडमची नजर माझ्या पायावर होती. इंजिनाचा आवाज चढत गेला, कुठे पडला नाही, मी तो आवाज झोपेतही ओळखीन. दोन्ही दारं आली आणि गेली. डावं वळण, टाकी, आणि आम्ही परत.

"पूर्ण दाबलेला होता," मॅडम हेल्मेट काढत म्हणाल्या. "मी पाहिलं. एकदम तळाला."

मी हो म्हणालो. मला बरं वाटलं. बायको चालत आली, तिचाही चेहरा उजळला होता.

"चांगलं केलं," ती म्हणाली. "थांबले ते."

"कुठं थांबलो?"

"तिथं. हळू केली ना तुमी गाडी. अगदी चालल्यावानी. मंग तुमी हात केला आन् निघाले."

मी तिच्या मागच्या लोकांकडे बघितलं. त्यांच्यातल्या एकाने मान हलवली. "आम्हाले वाटलं गाडी बंद पडली," तो म्हणाला.

मॅडम टेबलाकडे गेल्या आणि लॅपटॉप उघडला. त्या फेरीची वेळ आमच्या अंदाजाने सगळ्यात कमी यायला हवी होती. ती सगळ्यात जास्त होती. मग त्यांनी कॅमेऱ्यांची चित्रं शेजारी शेजारी लावली.

पेडलच्या चित्रात माझा बूट दिसत होता. तो पट्ट्याच्या मध्यावर शांतपणे वर आला, झटक्याने नाही, आणि ब्रेकवर टेकला. दुसऱ्या चित्रात आम्ही दोघं. मी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवून डावा हात उचलला, तळवा पुढे करून जरासा हलवला. जा, जा, असा. माझ्या चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नव्हतं. दुकानात कोणी दारात आलं की मी ज्या चेहऱ्याने या म्हणतो, तोच चेहरा होता. आणि शेजारी मॅडम, ज्यांची नजर माझ्या पायावर असायला हवी होती, त्या समोर बघत होत्या. त्यांची मान डावीकडून उजवीकडे सरकत गेली. थांबली. पुन्हा डावीकडे आली आणि पुन्हा हळूहळू सरकत गेली. आपल्यासमोरून बरीच माणसं चालत जात असतील आणि आपण त्यातल्या एकेकीकडे बघत असू, तशी.

काचेपलीकडे कॅमेरा दाखवत नव्हता. तो आमच्याकडे तोंड करून होता.

मॅडमनी ते एकदाच बघितलं. पुन्हा लावू का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "नको." मग म्हणाल्या, "मला तुमचा पाय आठवतोय. खाली दाबलेला. मला दुसरं काहीच आठवत नाही." त्यांचा आवाज सकाळचा राहिला नव्हता. मला त्यांची कीव आली आणि स्वतःचीही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर विसंबलो, की गाडीत बसल्यावर माझे हातपाय माझं ऐकतात, तीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. मॅडमनी त्या जागेच्या अलीकडे नारिंगी शंकू मांडून रस्ता असा वाकवला की सगळ्यांना तिथे हळूच जावं लागलं. मी गाडी चालवली नाही, बघत उभा राहिलो. चौकीदार खुर्ची उचलून तिथवर आला होता. शंकू बघून म्हणाला, "हे बरं केलं."

पुढे चार-सहा महिने मी हायवेवर फार सावध चालवायचो. बायको झोपायची नाही. माझ्या डाव्या हाताकडे बघत बसायची, आणि मी रेडिओ लावायला हात उचलला तरी दचकायची. मी गाडी विकायचं ठरवलं, अकोट रोडच्या मिस्त्रीने गिऱ्हाईकही आणलं. मग एका रविवारी बायको म्हणाली, "कशाले विकता? तुमी काई वाईट तर नाई केलं. वाट देली कोणाले तर." गाडी राहिली. त्या वर्षी पावसाळ्यानंतर मॅडमच्या सांगण्यावरून मी दक्षिणेतल्या एका खऱ्या ट्रॅकवर जाऊन आलो. तिथल्या सरळ पट्ट्यावर माझी रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत सपाट आली. मॅडमनी तिचा फोटो काढून मला पाठवला, खाली काही लिहिलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण तो रस्ता मला फार रिकामा वाटला.

गिरणीची जागा गेल्या वर्षी विकली गेली. शेड उतरवल्या, काँक्रीट उखडलं. हे मला चौकीदाराने सांगितलं. तो आता मुलाकडे अकोल्यात राहतो, आणि गेल्या महिन्यात स्वतःच्या बायकोला घेऊन माझ्या दुकानात आला. तिला जवळचं दिसत नव्हतं. मला बघून त्याने लगेच ओळखलं, तिला म्हणाला, "हे ते लाल गाडीवाले."

ती सूत गुंडाळायच्या खात्यात एकवीस वर्षं होती. मी तिच्या नाकावर तपासणीची चौकट ठेवली, काचा बदलत गेलो, ती तक्त्यावरची अक्षरं वाचत गेली. हात कामात होते म्हणून मला विचारायचं धाडस झालं. "मावशी, पाळी सुटल्यावर तुम्ही रस्ता ओलांडायच्या, तेव्हा ट्रकवाले थांबायचे का?"

"काई थांबत, काई नाई थांबत," ती म्हणाली. "जो थांबला त्याच्याकडं आमी पाहत नव्हतो. जो नाई थांबला त्याले साऱ्या पाहून ठेवत."

"आता कधी आठवते का गिरणी?"

"सपनात जातो ना आमी. रोजच जातो. पाहाटं उठली का पाय दुखतात." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली आणि पुढची ओळ वाचू लागली.

चष्मा चार दिवसांनी तयार झाला. तिने तो घातला, आरशात बघितलं, कानामागे जरा दाबतो म्हणाली, मी काडी गरम करून वाकवून दिली. मग ती दोघं निघाली. रिक्षा रस्त्याच्या पलीकडे उभी होती. संध्याकाळची वेळ, शाळा सुटलेल्या, जठारपेठेतल्या त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चौकीदार कडेला थांबून दोन्हीकडे बघू लागला. ती थांबली नाही. तिने डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही, पदर पुढे घेतला आणि रस्त्यात उतरली. एक ऑटो थांबला. दोन मोटरसायकली थांबल्या. त्यांच्यामागे एक चारचाकी थांबली, आणि तिच्या काचेआड चालवणाऱ्याचा हात उचललेला मला दिसला. हॉर्न कोणीच वाजवला नाही. ती पलीकडे पोचली, रिक्षात बसली, आणि तरीही ती वाहनं बराच वेळ तशीच उभी होती.